सोलापूरचं ऊन भरपूर, पण कारचा टप लहान

अमेरिकेतल्या ‘अ‍ॅप्टेरा’ या तीनचाकी सौर गाडीचा फोटो लावलेला एक मेसेज सध्या सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की तिचा माशासारखा आकार नुसता दिखावा आहे. आपल्या कुठल्याही इलेक्ट्रिक कारच्या टपावर पॅनेल लावलं तर सोलापूरच्या उन्हात चार्जिंगची गरजच राहणार नाही. जितका उन्हाळा कडक तितकी वीज जास्त. आणि तीन चाकांची गाडी वळणावर उलटणारच. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. कुणी हे वाचून कारच्या टपावर पैसे घालू नयेत, म्हणून हा हिशेब.

कारच्या टपावर पॅनेलला जागा मिळते दीड-दोन चौरस मीटर, म्हणजे फार तर ४०० वॅट. सोलापुरात वर्षाच्या सरासरीने रोज पाच-साडेपाच तासांच्या प्रखर उन्हाइतकी ऊर्जा मिळते. टप सपाट, त्यावर धूळ, शिवाय पॅनेल तापणार. ही घट धरली तर दिवसाला दीड युनिट, म्हणजे १,५०० वॉट-तास, हाती लागतं. साधी इलेक्ट्रिक कार किलोमीटरला १३० ते १५० वॉट-तास खाते. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर, तेही गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवली तर. पुण्याच्या वायवे कंपनीने २०२५ च्या जानेवारीत आणलेली ‘ईव्हा’ ही खास सौर टपाची छोटी कार आहे. तिची कंपनीसुद्धा उन्हावर वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंतच सांगते, म्हणजे दिवसाला आठ-दहा.

ऊन वाढवता येत नाही, तेव्हा खर्च कमी करायचा, आणि तो आकार त्यासाठीच आहे. हवा कापायला टोकदार नाक लागतं असं आपल्याला वाटतं, पण खरी ओढ मागून असते. पुणे हायवेवर ट्रकच्या मागे धूळ घुमत राहते ना, ती कमी दाबाच्या पोकळीत घुमते. तीच पोकळी ट्रकला सतत मागे खेचत असते. गाडीचं शेपूट हळूहळू निमुळतं होत गेलं तर हवा मागे शांतपणे एकत्र येते आणि पोकळी लहान राहते. हवेची ओढ मोजणारा गुणांक साध्या कारचा ०.३० च्या आसपास असतो. अ‍ॅप्टेराची कंपनी स्वतःच्या गाडीचा ०.१३ सांगते. समोरचं क्षेत्रफळ सारखं धरलं तरी ताशी ९० किलोमीटरला साध्या कारची फक्त हवेशी झुंजण्यात साडेपाच किलोवॅटच्या आसपास शक्ती जाते. या आकाराला अडीच पुरतात. वेग ६० वरून ९० केला की दर किलोमीटरला हवेवर होणारा खर्च सव्वादोन पट होतो, म्हणून हायवेवर आकाराला एवढी किंमत आहे.

त्यात कॉम्पोझिटची (तंतू आणि रेझिन मिळून केलेल्या पदार्थाची) हलकी बॉडी, म्हणून टायरचं घर्षणही कमी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे गाडी किलोमीटरला ६२ वॉट-तासांच्या आसपास घेते आणि अंगावर ७०० वॉटचे पॅनेल आहेत. कंपनी दिवसाला ६४ किलोमीटरपर्यंत म्हणते. सोलापूरची धूळ आणि ताप धरून माझा हिशेब ४५ च्या आसपास येतो. तरीही साध्या कारच्या चौपट.

उष्णतेचं तर उलटंच आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात टपावरचं पॅनेल सहज ६५ अंशांवर जातं, म्हणजे बारा ते सोळा टक्के गेले.

राहिली तीन चाकं. शेपूट निमुळतं केल्यावर मागे एकाच चाकापुरती जागा उरते. रिक्षाला पुढे एक चाक असतं. वळताना ब्रेक मारला की वजन पुढच्या ज्या कोपऱ्यात जातं तिथे आधारच नसतो. अ‍ॅप्टेराची दोन चाकं पुढे, एकमेकांपासून लांब, आणि जड बॅटरी तळाशी, त्यामुळे वजन जातं तिथे चाक आहे. आक्षेप घ्यायचाच तर वेगळा घ्या: ही गाडी सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद आहे, नवी पेठेत ती घालणार कुठे? आणि दोन चाकांच्या मधोमध सोडलेला खड्डा मागच्या चाकाला नेमका सापडणार. हे दोष खरे आहेत, आपल्या रस्त्यांवर मोठेही आहेत, आणि मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

चार्जिंगची गरज तर अ‍ॅप्टेरालाही आहे. सोलापूर ते पुणे २५० किलोमीटरला तिला पंधरा-सोळा युनिट लागतील, आणि दिवसभराचं ऊन देईल तीन. ज्यांच्याकडे साधी इलेक्ट्रिक कार आहे आणि घरावर मोकळी जागा आहे, त्यांनी पॅनेल स्लॅबवर बसवावेत: दक्षिणेकडे तिरके, खालून वारा खेळता, हाताने पुसता येतील असे. तीन किलोवॅटचे पॅनेल तिथे दिवसाला साधारण बारा युनिट देतात. त्यात तीच कार ऐंशी किलोमीटर जाते आणि दुपारी लिंबाच्या सावलीत उभी करता येते.