रोहिंग्या ‘बाहेरचे’ कसे ठरवले गेले?

म्यानमारमधील रोहिंग्या या मुस्लिम अल्पसंख्याकांविषयी एक मजकूर गेली काही वर्षे मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा : ‘रोहिंग्या नावाची जमात इतिहासात नाही, ते ब्रिटिशांनी आणलेले बंगाली मजूर आहेत, २०१७ मध्ये म्यानमारने दहशतवाद्यांवर कारवाई केली आणि घुसखोर परत गेले, शिवाय हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे.’ सात लाखांहून अधिक माणसांची हकालपट्टी या चार ओळींत न्याय्य ठरवली जात असल्यामुळे त्या तपासून घेणे भाग आहे.

आधी नावाचा मुद्दा. रोहिंग्यांचा प्रदेश म्हणजे आराकान, म्यानमारचे आजचे राखाइन राज्य; ब्रिटिशांनी ते १८२६ मध्ये ताब्यात घेतले. त्याच्या २७ वर्षे आधी, १७९९ मध्ये, फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने ब्रह्मदेशातील भाषांवरच्या लेखात नोंदवले होते की आराकानात दीर्घकाळ वसलेले मुसलमान स्वतःला ‘रुइंगा’, म्हणजे आराकानचे रहिवासी, म्हणवतात. खुद्द आराकान शतकानुशतके स्वतंत्र राज्य होते, आणि तेथील बौद्ध राजांच्या काही नाण्यांवर फारसी अक्षरे आढळतात. बर्मी राजा बोदोपाया याने ते १७८४-८५ मध्ये जिंकले. रत्नागिरीत ज्याला नजरकैदेत ठेवले त्या थिबा राजाचा हा पूर्वज. म्हणजे ब्रिटिश आले तेव्हा आराकान बर्मी राज्यात येऊन जेमतेम चाळीस वर्षे झाली होती.

ब्रिटिश काळात चितगावकडून बरेच शेतमजूर आले, हे मात्र खरे आहे आणि ते नाकारण्याची गरज नाही. प्रश्न असा की पणजोबा कधी आले यावरून आज जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व ठरवायचे काय? १९४८ नंतरच्या ब्रह्मदेशाने तसे ठरवले नव्हते. रोहिंग्या मतदान करत होते, संसदेत निवडून जात होते, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी नभोवाणीवरून त्यांच्या भाषेत कार्यक्रमही होत असे. ज्या राज्याने हे नाव स्वतः वापरले, त्यानेच पुढे ते अस्तित्वात नसल्याचे सांगितले.

हा बदल कागदांवरून झाला. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने १८२३ पूर्वीपासून, म्हणजे ब्रिटिश येण्याआधीपासून, वसलेल्या जमातींना जन्मसिद्ध नागरिक मानले, पण कोणती जमात ‘राष्ट्रीय’ हे ठरवण्याचा अधिकार शासनाच्या हाती ठेवला. पुढे जाहीर झालेल्या १३५ जमातींच्या यादीत रोहिंग्या नव्हते. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमानुसार आधीपासून नागरिक असलेली व्यक्ती नागरिकच राहणार होती. प्रत्यक्षात अनेकांची जुनी ओळखपत्रे जमा करून घेतली गेली आणि नवी मिळालीच नाहीत. १९९५ पासून हाती आले ते तात्पुरते पांढरे कार्ड, आणि २०१५ मध्ये तेही रद्द झाले. २०१४ च्या जनगणनेत गणक दारात उभा राहून जमात विचारत असे आणि उत्तर ‘रोहिंग्या’ आले की घराची नोंद न करता पुढे जात असे. मजकूर लिहिणारे ज्याला इतिहास म्हणतात, तो अशा कोऱ्या सोडलेल्या रकान्यांतून तयार झाला आहे.

२०१७ विषयी अर्धे सांगणे हेही खोटेच आहे. २५ ऑगस्टला ‘आर्सा’ या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने सुमारे ३० पोलीस चौक्यांवर हल्ले केले. याच गटाने खा मॉंग सेक भागात हिंदू गावकऱ्यांची हत्या केल्याचे ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेने नोंदवले, आणि त्या हत्येला कोणतेही समर्थन असू शकत नाही. पण त्याचा दंड शेकडो गावे जाळून, लेकराबाळांसह सीमेवरच्या नाफ नदीपार बांगलादेशात हाकलून वसूल करता येत नाही. इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना हात बांधून मारण्यात आले, आणि यात आपल्या सैनिकांचा हात असल्याचे लष्करानेच जानेवारी २०१८ मध्ये कबूल केले. दोषी सात सैनिक वर्षभराच्या आत सुटले; ही हत्या उघड करणारे रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन पत्रकार त्यांच्यापेक्षा जास्त काळ, ५०० हून अधिक दिवस, तुरुंगात होते.

अंतर्गत प्रश्नाचा युक्तिवाद म्यानमारच्या स्वतःच्या सहीपुढे टिकत नाही. वंशसंहारविरोधी करार त्याने १९५६ मध्ये मान्य केला, आणि त्याच्याच आधारे आफ्रिकेतील गांबिया या देशाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने २३ जानेवारी २०२० रोजी रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश एकमताने दिले आणि २०२२ मध्ये म्यानमारचे प्राथमिक आक्षेप फेटाळले. अंतिम निकालाआधी दोष सिद्ध झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल, पण इतरांना विचारण्याचा अधिकारच नाही हे म्हणणे तिथे अमान्य झाले आहे.

राहिला ‘परत गेले’ हा शब्द. १९७८ मध्येही लष्करी मोहिमेमुळे सुमारे दोन लाख रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते, आणि त्यांना माघारी घेण्याच्या त्याच वर्षीच्या करारात त्यांचा उल्लेख ‘ब्रह्मदेशाचे कायदेशीर रहिवासी’ असा आहे. त्या करारावर ब्रह्मदेशाच्या सरकारची सही आहे.