पावसात चित्र थांबण्याच्या तक्रारीस दुकानाकडून उत्तर

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपण इंटरनेटवरच्या अभिप्रायात आमच्या दुकानाला एकच तारा देऊन लिहिले आहे की, जुना अँटेना दुरुस्त करून मागितला असता आम्ही माल खपवण्यासाठी डिश अँटेनाची छत्री गळ्यात मारली. पावसाळा लागल्यापासून चित्र थांबते आणि त्याचे चौकोनी तुकडे होतात. आमचा माणूस तीनदा आला, दर वेळी ३०० रुपये घेऊन गेला, एकदा सेट-टॉप बॉक्सही बदलायला लावला आणि शेवटी शेजारच्या शेतातल्या, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या झटका मशीनवर दोष ढकलून मोकळा झाला. आणि या सगळ्यात आषाढी एकादशीच्या पहाटे आपल्या आईंना सह्याद्री वाहिनीवर पंढरपूरची महापूजा पाहता आली नाही. यातली पहिली गोष्ट सोडली तर बाकी सगळे खरे आहे. रविवारी मी स्वतः घाटंजीहून येऊन आपल्या गच्चीवर दोन तास घालवले आणि जे दिसले ते आपल्याला तोंडी सांगितलेही. पण तक्रार चारचौघांत झाली आहे, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

आधी अँटेनाबद्दल. आपल्या अँटेनाचा एकही दांडा मोडलेला नव्हता आणि वायरही शाबूत होती. बंद पडले ते समोरून येणारे प्रक्षेपण. दूरदर्शनची जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारी जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली. मोक्याच्या जागांवरची सुमारे ५० केंद्रे वगळून बाकीची ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायची, असे ठरले होते. त्यामुळे तो अँटेना कितीही फिरवला असता, तरी आपल्याकडे पडद्यावर मुंग्यांशिवाय काही आले नसते. दुरुस्तीचे पैसे घेऊन तो तसाच परत देणे आम्हाला योग्य वाटले नाही. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेला दरमहा काही भरावे लागत नाही, म्हणून ती सुचवली. तो सल्ला आजही मी तसाच देईन. मात्र एवढे समजावून सांगायला दुकानात पाच मिनिटे काढायला हवी होती, ती कोणी काढली नाहीत, आणि म्हणूनच आपल्याला तो धंद्याचा डाव वाटला.

आता खरा दोष. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने आपली छत्री १७ मार्चला बसवली. काम झाले की तो मला फोनवर फोटो पाठवतो, तसा त्या दिवशीही सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाठवला होता. आपला अभिप्राय वाचल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला. राखाडी छत्रीच्या पृष्ठभागावर बोटाएवढ्या जाडीच्या तीन काळ्या रेघा आडव्या पडलेल्या आहेत. त्या आपल्या अंगणातल्या सागाच्या फांद्यांच्या सावल्या आहेत. मार्चमध्ये साग पूर्ण उघडा असतो, त्यामुळे फांद्यांच्या फटींतून सिग्नल आला, चित्र स्वच्छ दिसले आणि मुलगा समाधानाने परतला. मृग लागल्यावर त्याच फांद्यांना सुपाएवढी पाने फुटली आणि छत्रीसमोर हिरवी भिंत उभी राहिली.

ती सावली का महत्त्वाची, हे सांगतो, कारण गावोगावी ज्यांच्या घरी छत्री आहे त्यांनाही त्याचा उपयोग होईल. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून पाहिले तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास सूर्य जवळपास त्याच रेषेत येतो. १७ मार्चला तो तिथून थोडासाच सरकलेला होता. त्या वेळी छत्रीवर ज्या झाडाची सावली पडते, ते झाड उपग्रह आणि छत्री यांच्या मध्ये येते असे समजावे. आमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर ही खूण होती, पण तिचा अर्थ त्याला कोणी शिकवला नव्हता. छत्रीचे तोंड समोर, कठड्यावरून पलीकडे पाहते आहे असे भासते, म्हणून त्याने समोर पाहिले आणि तिथे त्याला सागाचे सरळ बोडके खोड तेवढे दिसले. एलएनबी, म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग, खालच्या बाजूला धरलेला असल्यामुळे छत्री प्रत्यक्षात दिसते त्याहून बरीच वर, थेट झाडाच्या शेंड्याकडे पाहत असते. त्याला न शिकवण्याची चूक माझी आहे.

पाने कोरडी असताना चित्र कसेबसे टिकत होते आणि पाऊस आला की जात होते, याचे कारण पाणी आहे. या सिग्नलची तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते आणि ओले पान तो सिग्नल शोषून घेते. जुन्या प्रक्षेपणात सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढत, पण माणूस दिसत राहायचा. डिजिटलमध्ये मर्यादेखाली गेला की चित्र एकदम थांबते. त्यामुळे सकाळी उत्तम चालणारी वस्तू संध्याकाळी बिघडली की बॉक्सवर संशय जातो, आणि आमच्या माणसाचाही तसाच गेला. त्याने मेनूमध्ये स्ट्रेंग्थचा पट्टा पाहिला, तो भरलेला दिसला, आणि त्याने बॉक्स बदलला. पाहायचा असतो तो क्वालिटीचा पट्टा. रविवारी कोरड्या उन्हात तो ३८ वर होता. छत्री उचलून गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात हाताने धरली तेव्हा ७४ वर गेला. एलएनबीचा कनेक्टर उघडला तेव्हा चिकटपट्टीच्या आत पाणी साचून तांब्याची तार हिरवी पडलेली आढळली. तोही निष्काळजीपणा आमचाच.

झटका मशीनबद्दल आपल्या शेजाऱ्यांची मी क्षमा मागतो. तारेला गवत टेकून ठिणगी उडाली तर जुन्या अँटेनावर चित्रात रेघा येत असत हे खरे. छत्रीच्या इतक्या उच्च वारंवारतेवर सहसा त्याचा परिणाम होत नाही. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या माणसावर आमच्यामुळे उगाच आळ आला.

साग छाटण्याची सूचनाही आमच्याच माणसाने केली होती; ती कृपया विसरावी. साग तोडायला परवानगी लागते हे एक, आणि आपल्या वडिलांनी लावलेल्या झाडाला आमच्या चुकीपायी कोयता लागावा, हे मला मान्य नाही. छत्री सध्या झाडापासून ४ मीटरवर आहे आणि साग तिच्याहून ८ मीटर उंच आहे. ६० अंशांच्या हिशेबाने अंतराच्या साधारण पावणेदोन पट उंची चालते, म्हणजे या जागी ७ मीटर. वायव्य कोपऱ्यात अंतर १० मीटर होते, म्हणजे साग आणखी बराच वाढला तरी अडचण नाही. वायर १८ मीटर लागेल. मुलाने ती वाचवण्यासाठीच जवळचा कोपरा धरला होता. जागा चुकीची असताना मोठी छत्री घ्या असे सांगणे बरोबर होणार नाही, म्हणून आपली ६० सेंटीमीटरचीच राहील.

तिन्ही भेटींचे ९०० रुपये आणि बदललेल्या बॉक्सची पूर्ण किंमत आम्ही परत करत आहोत. आपला जुना बॉक्स मी दुकानात लावून पाहिला, तो निर्दोष आहे. तो नव्या पॉवर ॲडॅप्टरसह आपल्याला मिळेल. नवी वायर, नवे कनेक्टर आणि छत्री हलवण्याची मजुरी यांचे काही द्यायचे नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: ढगफुटीसारखा पाऊस कोसळला तर जागा कितीही चांगली असली तरी काही मिनिटे चित्र जाईल, ते कोणालाही टाळता येणार नाही. साध्या पावसात गेले तर ती आमची जबाबदारी आहे आणि त्यासाठी येण्याचे पैसे आम्ही घेणार नाही.

गुरुवारी सकाळी नऊपर्यंत मी त्या मुलाला सोबत घेऊन येतो. छत्री तोच बसवेल, मी शेजारी उभा राहीन. काम झाल्यावर पानांवर आणि छत्रीवर बादलीभर पाणी ओतून आईंसमोर सह्याद्री लावून दाखवू आणि मगच शिडी उतरवू.

आपला विश्वासू,
दुकानाचा मालक, घाटंजी