मिशेरी पोटात जात नाही म्हणे!

‘आजीच्या बटव्यातल्या टिपा’ असा मेसेज गरोदर बायकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आता तो सहावा महिना लागलेल्या माझ्या भाचीपर्यंत पोचला, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात घातक टीप: ‘मिशेरी थुंकून टाकतो, पोटात जात नाही, म्हणून बाळाला काही होत नाही; उलट पोट साफ होतं.’ अहो, मिशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. भाजून निकोटीन संपत नाही. बोटाने घासून तोंडात धरली की ते हिरड्यांतूनच रक्तात उतरतं, गिळायची गरजच नाही. मग वारेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्त कमी पोचतं. दिवसातून चारदा लावली तर चारदा.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मिशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं, बाकीची कारणं हिशेबात धरूनही, सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. एवढ्याशा फरकानेही २,५५० ग्रॅमचं होऊ शकणारं बाळ अडीच किलोच्या खाली येतं. दंतमंजनात तंबाखू घालायला तर सरकारने १९९२ सालीच बंदी केली.

पोट साफ होतं ते निकोटीन आतडी हलवतं म्हणून. सवय लागली की त्याशिवाय अडतं. त्याऐवजी उठल्यावर कोमट पाणी, साधी टूथपेस्ट, जेवणात पालेभाजी, तलफ आली की बडीशेप. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं आणि तिथेच डबी परत उघडली जाते. म्हणून ती घरातच ठेवू नका. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला १८००-११२-३५६ वर फोन फुकट लागतो.

‘कमी खा, बाळ लहान, बाळंतपण सोपं.’ उपासमारीत बाळाच्या मेंदूकडचं रक्त शेवटपर्यंत राखलं जातं, त्यामुळे डोकं फारसं लहान होत नाही. आधी जातं ते अंगावरचं मांस आणि चरबी. वाट काढायची असते डोक्यालाच. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात दूध, पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्या आयांची बाळं वजनाने चांगली निघाली होती.

‘लोहाच्या गोळीने बाळ काळं होतं.’ काळी होते ती आईची शी. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. दोन तासांचं अंतर ठेवा.

‘पूर्वीच्या बायका चुलीपाशीच राबायच्या, धुराने काही होत नाही.’ हो, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्याही रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवायचा.

‘वजन आईबापावर जातं.’ हे अर्धं खरं, मान्य. ठेंगण्या आईचं बाळ थोडं लहान असू शकतं. पण ‘दोन किलोचं असलं तरी काळजी नको’ हे साफ खोटं. असं बाळ पटकन गार पडतं, दूध ओढताना दमतं, रक्तातली साखर उतरते. त्याला न्हाऊ घालायची घाई करू नका. उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं, आणि झोपलं असलं तरी दर दोन तासांनी उठवून पाजा.