रोझ बर्ड यांनी ६१ खुन्यांना सोडले नव्हते

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला, आणि तो पाठवणारी माझी आत्या होती. तिने जिल्हा न्यायालयात तीस वर्षे स्टेनोग्राफर म्हणून काढली, खून खटल्यांची निकालपत्रे स्वतः टंकलिखित केली. तिनेसुद्धा ‘जरूर वाचा’ असे वर लिहून हे पुढे पाठवावे, याचे मला फार वाईट वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत न्यायाधीश जनताच निवडते, कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड या एका राजकारण्याची गाडी चालवता चालवता त्या खुर्चीवर पोहोचल्या, त्यांनी ६१ खुन्यांना सोडून दिले, १९८६ मध्ये जनतेने त्यांना हाकलले, तेव्हा लगेच फाशीची अंमलबजावणी सुरू झाली आणि गुन्हे आटोक्यात आले, बाईंवर शेवटी झेरॉक्स काढत बसायची वेळ आली, सबब आपल्याकडेही हीच पद्धत आणावी.

आधी ६१ या आकड्याकडे पाहू, कारण सगळा विखार त्यातच आहे. आकडा खरा आहे. १९७७ ते १९८७ या काळात मुख्य न्यायमूर्ती असताना मृत्युदंडाची जी ६१ प्रकरणे बर्ड यांच्यासमोर आली, त्यांपैकी प्रत्येकात त्यांनी तो दंड रद्द करावा असेच मत दिले. हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते, आणि इतक्या प्रकरणांत एकदाही शिक्षा टिकू नये हा निव्वळ योगायोग होता असे मीही म्हणणार नाही. पण मृत्युदंड रद्द झाला म्हणजे आरोपी सुटला, हा अर्थ कोणी लावला? कॅलिफोर्नियात खालच्या न्यायालयाने मृत्युदंड दिला की अपील आपोआप थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाते. आपल्याकडेही सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि ‘कन्फर्मेशन’साठी प्रकरण वर जाते म्हणजे काय होते हे आत्याला मी सांगण्याची गरज नाही. उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, म्हणून खुनी मोकाट सुटला असे तिच्या कचेरीत कधी कोणी म्हटले असेल का? कॅलिफोर्नियातही शिक्षा रद्द झाल्यावर बहुतेक वेळा संपूर्ण खटला किंवा निदान शिक्षेपुरती सुनावणी पुन्हा घ्यावी लागे, किंवा माणूस दीर्घ काळ तुरुंगातच राही.

शिवाय इतक्या शिक्षा का कोसळल्या, याबद्दल मजकुरात अक्षर नाही. तिथला मृत्युदंडाचा कायदा १९७७ मध्ये नव्याने आला आणि १९७८ मध्ये सार्वमताने अधिक व्यापक झाला. त्याचा अर्थ लावताना १९८३ मध्ये न्यायालयाने ठरवले की दरोड्यासारख्या गुन्ह्याच्या ओघात मृत्यू घडला असेल, तर मृत्युदंडासाठी आरोपीचा ठार मारण्याचा हेतू ज्युरीने, म्हणजे खटला ऐकणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, निश्चित केलेला असला पाहिजे. आधीच्या कित्येक खटल्यांत ज्युरीला हा प्रश्न नीट विचारलाच गेला नव्हता, त्यामुळे ते निकाल टिकले नाहीत. बर्ड पदावरून गेल्यावर १९८७ मध्ये त्याच न्यायालयाने हे मत बदलले. म्हणजे कायद्याच्या अर्थावर खरा मतभेद होता, आणि तो सात न्यायमूर्तींच्या पीठात होता. त्या सातांत बर्ड यांचे मत एकच.

ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी रॉबर्ट हॅरिस या एका आरोपीचे प्रकरण पाहावे. त्याने १९७८ मध्ये सॅन डिएगोत सोळा वर्षांच्या दोन मुलांना ठार मारले. त्याचा मृत्युदंड १९८१ मध्ये कायम झाला, आणि तो कायम करणारे न्यायालय रोझ बर्ड यांचेच होते. बर्ड यांनी विरोधी मत नोंदवले आणि त्या अल्पमतात राहिल्या. त्यांच्या एकटीच्या मताने सगळे अडत असते, तर हे झालेच नसते. हॅरिसला प्रत्यक्षात गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड दिला गेला तो एप्रिल १९९२ मध्ये, म्हणजे बर्ड पदावरून गेल्यानंतर पाच वर्षांनी. १९६७ नंतर त्या राज्यात अमलात आलेला तो पहिला मृत्युदंड. ‘लगेच’ या शब्दाचे काय करायचे ते वाचकांनी ठरवावे. हॅरिस धरून २००६ पर्यंत एकूण १३ जणांना मृत्युदंड दिला गेला, पुढे एकालाही नाही, आणि २०१९ मध्ये गव्हर्नरांनीच, म्हणजे जनतेने निवडलेल्या राज्याच्या प्रमुखांनीच, अंमलबजावणी स्थगित केली. गुन्ह्यांचेही तसेच: बर्ड गेल्यानंतर कॅलिफोर्नियातील खुनांची संख्या वाढत गेली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती शिखरावर पोहोचली.

न्यायाधीश ‘निवडण्याची’ गोष्टही चुकीची आहे. या न्यायालयावर नेमणूक गव्हर्नर करतात, एक आयोग तिला मान्यता देतो, आणि मतदारांना फक्त ‘राहू द्यावे की नको’ एवढेच विचारले जाते. १९३४ पासून चालत आलेल्या या पद्धतीत या न्यायालयातील न्यायमूर्ती पराभूत झाले ते एकदाच, ४ नोव्हेंबर १९८६ रोजी. त्या दिवशी बर्ड यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन या न्यायमूर्तींचेही पद गेले. रेनोसो हे त्या न्यायालयावरचे पहिले लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) न्यायमूर्ती. दोन्ही बाजूंनी मिळून प्रचारावर एक कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. बर्ड यांच्याविरुद्ध उघड भूमिका घेणारे गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांनीच आमदार असताना १९७७ चा मृत्युदंडाचा कायदा मांडला होता, आणि रिकाम्या झालेल्या तिन्ही जागा भरण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती होता. ही पद्धत आपल्याकडे आणा म्हणणाऱ्यांनी एवढे तरी आधी वाचायला हवे होते.

गाडी चालवण्याबद्दल. पुढे गव्हर्नर होऊन बर्ड यांची नेमणूक करणारे जेरी ब्राउन यांच्या १९७४ च्या प्रचारात बर्ड यांनी स्वयंसेवक म्हणून त्यांची गाडी चालवली, हे खरे. पण त्याआधीची आठ वर्षे त्या सांता क्लारा काउंटीत गरीब आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणाऱ्या वकील होत्या, त्या कचेरीतल्या पहिल्या स्त्री वकील, आणि स्टॅनफर्डला कायदा शिकवत होत्या. न्यायाधीशपदाचा अनुभव त्यांना नव्हता, ही टीका रास्त आहे. पण तो अर्ल वॉरन यांनाही अमेरिकेचे सरन्यायाधीश होताना नव्हता. मुख्य न्यायमूर्ती होण्याआधीची दोन वर्षे बर्ड राज्याच्या मंत्रिमंडळात होत्या, तिथेही पहिल्या स्त्री. शेतमजुरांना ज्या आखूड कुदळीने राबवले जाई तिच्यावर १९७५ मध्ये त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत बंदी आली. दांडा जेमतेम हातभर असल्यामुळे मजुराला दिवसभर कमरेत वाकूनच खुरपणी करावी लागे, आणि कोण पाठ ताठ करून उभा राहिला हे मुकादमाला लांबूनच कळे. बर्ड यांच्याविरुद्ध १९७८ मध्ये पहिली मोहीम उघडणाऱ्यांत मोठे शेतमालक होते, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे.

राहता राहिले झेरॉक्स, आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. बर्ड यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे १९७६ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती होण्यापूर्वीच, कळले होते. तो पुन्हा पुन्हा उलटत राहिला आणि त्यातच ४ डिसेंबर १९९९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पदावरून गेल्यावर त्या पालो आल्टोत आईबरोबर राहत. शेजारच्या ईस्ट पालो आल्टो या गरीब गावातल्या मोफत कायदेविषयक मदत केंद्रात त्या स्वतःहून, काही न घेता, कागदांच्या प्रती काढण्याचे काम करू लागल्या. यात हिणवण्यासारखे काय आहे? घर खाली करण्याची नोटीस आलेल्या माणसाच्या भाडेपावत्यांच्या प्रती कोणीतरी काढाव्याच लागतात, आणि नक्कल वेळेवर न मिळाल्यामुळे तारीख कशी पडते, हे माझ्या आत्याने तीस वर्षे रोज पाहिले आहे.