मनगटं दुखणं ‘सवयीचा भाग’ नाही

रायडर ग्रुपांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: ‘स्पोर्ट्स बाईकवर मनगटं दुखणारच, महिनाभर सहन करा, सवय होते.’ हे अर्धवट आहे आणि त्यातून इजा होऊ शकते.

खरं एवढंच की पोट-पाठीचे स्नायू हळूहळू सरावतात. पण यामाहा आर१५सारख्या स्पोर्ट्स बाईकचं हँडल खाली आणि फूटपेग (पाय ठेवायचे आधार) मागे असले, तरी शरीराचा भार तळहातांवर टाकायचा नसतो. टाकी मांड्यांनी घट्ट धरा, टाकीला चिकटून न बसता थोडं मागे सरका, कमरेतून वाका, कोपरं सैल ठेवा. चालवताना कोपरं पंखासारखी सहज हलवता येत नसतील, तर भार हातांवरच आहे असं समजा. ब्रेक दाबताना तर मांड्यांची पकड फारच महत्त्वाची, नाहीतर सगळं अंग मनगटांवर कोसळतं.

हायवेवर छातीवर येणारा वारा थोडा भार उचलतो. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तो आधार नसतो, म्हणून तिथे त्रास जास्त.

क्लच-ब्रेकचे लिव्हर फिरवता येत असतील, तर बोटं ठेवल्यावर हात आणि मनगट एका रेषेत येतील असे बसवून घ्या. हँडल उंच करणारे रायझर लावणार असाल, तर हँडल पूर्ण वळवल्यावर केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे आधी तपासा.

करंगळी-अनामिका किंवा अंगठा-तर्जनी वारंवार बधिर होत असतील, तर नस दाबली जात असू शकते. तेव्हा सवयीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.