नोकरी सांभाळून एम.ए. : महसूल सहायकांसाठी मार्गदर्शन

लोकप्रशासनात एम.ए. करायचं ठरवलंत? उत्तम. आधी इग्नूची (घरबसल्या शिकवणाऱ्या मुक्त विद्यापीठाची) फी भरून टाका, मग परवानगी मागा. ना-हरकतीचा अर्ज विहित मार्गानेच जाऊ द्या. अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत करत तो कलेक्टर कचेरीच्या आस्थापना शाखेत पोचेल आणि 'वर्गाची वेळ स्पष्ट करावी' असा शेरा घेऊन परत येईल. कारण अर्जात 'दूरस्थ पद्धतीने' हे दोन शब्द तुम्ही लिहिलेच नव्हते. 'कार्यालयीन कामकाजास बाधा येणार नाही' ही ओळ मात्र विसरू नका. पुढे ती तुम्हालाच ऐकवायची असते.

अभ्यासाचा हिशेब सोपा आहे. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) 30 तास, म्हणजे 8 श्रेयांकांच्या पेपरला 240. पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून आहेच, तेव्हा शनिवार-रविवार तुमचेच. (मतदार यादीची विशेष मोहीम लागली नाही तर.)

सत्रकार्याला (घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला) 30 टक्के वजन, आणि ते हातानेच लिहायचं. शेवटच्या रात्री सहकाऱ्याचं उतरवून काढा. त्याने नोकरशाहीचा सिद्धांत मांडणाऱ्या मॅक्स वेबरचा 'वेबार' केला असेल तर तोही तसाच ठेवा, तपासणाऱ्याला दोन्ही वह्या एकत्र लावायला सोपं जातं. नोकरशाहीची वैशिष्ट्यं, श्रेणीबद्धता, लेखी नोंदी वगैरे पाठ करायची गरज नाही. आपली नस्ती (फाइल) कुठे अडकली ते आठवा, उदाहरणांसकट उत्तर तयार. सत्रकार्यात 80 पडले की परीक्षेची काळजी सोडा. परीक्षेत वेगळे 40 लागतात हे निकालात कळेलच.

परीक्षा जून आणि डिसेंबरात. जूनमध्ये तुमची पूर नियंत्रण कक्षात रात्रपाळी, डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आणि 'माहिती आजच सादर करावी' असा तारांकित प्रश्न. वर्षाच्या 8 किरकोळ रजा गणपतीपर्यंत संपवून ठेवा, म्हणजे अर्जित रजेचा अर्ज पेपरच्या आदल्या संध्याकाळी देता येतो. तीन तास हाताने लिहायचा सरावही नको. दिवसभर टाइप करणारा हात दुसऱ्या प्रश्नाला आखडतो, तेवढीच विश्रांती.

पास झालात की गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत सेवापुस्तकात नोंदीसाठी द्या. सोबत ना-हरकतीची प्रत मागतील. ती अजून आली नसेल तर स्मरणपत्र क्र. 3 पाठवा. विहित मार्गाने.