स्टुलावर बस म्हणे!

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे. वेळ काढून वाचा.

भाच्याची आज वादन स्पर्धा होती. पोरगं पंधरा वर्षांचं. तबला सात वर्षं शिकतोय, ड्रम्स दोन. स्टेजवर त्याने सतरंजी टाकली, मांडी घातली. उजवीकडे तबला-डग्गा, डावीकडे स्नेअर ड्रम, मागे बुटक्या स्टँडवर दोन सिंबल, म्हणजे पितळी थाळ्या. झपताल तबल्यावर सुरू केला आणि हळूच स्नेअरवर नेला. मागच्या रांगेत दंगा करणारी पोरं गप्प झाली हो! आणि परीक्षकांनी हात वर करून थांबवलं. "ड्रम्स वाजवायचे तर स्टुलावर बस. तबला वाजवायचा तर तबल्याच्या गटात नाव दे. ही काय पद्धत झाली?"

पोराने स्टिक्स खाली ठेवल्या. एक शब्द बोलला नाही.

पद्धतच आहे ती, सर. त्रिलोक गुर्टूंची. मुंबईत जन्मलेला, माटुंग्याच्या शाळेत शिकलेला माणूस अर्धा बसून, अर्धा गुडघ्यांवर, जमिनीवर ड्रम्स वाजवतो आणि जगभरचे जॅझवाले ते ऐकायला तिकीट काढून येतात. शेजारी पाण्याची बादली असते. वाजवलेला सिंबल तो पाण्यात बुडवतो आणि सूर वितळल्यासारखा खाली घसरतो. शिंपल्यांची माळ बुडवतो, तिचा आवाज वेगळाच. स्टूल नाही. कुणी त्याला उठवलं नाही.

मला हा माणूस कळला तो आईमुळे. नव्वदच्या दशकात मावसभाऊ जर्मनीहून आला, त्याने एक सीडी आणली, 'उस्फ्रेत'. त्रिलोकचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम, १९८८चा. आई स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मी सीडी लावली. आता ती "आवाज कमी कर" म्हणणार, असं मी धरूनच चाललो होतो. तिची बोटं ताटात थांबली. "थांब. हा आवाज शोभाताईंचा आहे."

खरंच होता. शोभा गुर्टू. बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर, आमच्या घरी रेडिओवर ज्यांची ठुमरी लागली की कुकरची शिट्टीसुद्धा नकोशी व्हायची. मुलाच्या ड्रम्सवर त्या गात होत्या. पहिल्या तुकड्याचं नावच 'शोभारॉक'. आईला जॅझ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. तांदूळ तसेच.

हे सगळं सोडून आपण त्या माणसाला 'फ्यूजन', म्हणजे देशी-विदेशी संगीताची सरमिसळ, या नावाच्या खणात टाकून मोकळे होतो. राग येतो मला या शब्दाचा. घरात आई गातेय, आजी मेनकाबाई जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेली, लहानपणापासून हाताखाली तबला. तो पोरगा सत्तरच्या दशकात आशा भोसलेंबरोबर वाजवताना ड्रम किटकडे वळतो. परदेशी रेकॉर्ड ऐकतो, पण स्टुडिओत एकावर एक थर चढवून रेकॉर्डिंग करतात हे त्याला ठाऊकच नसतं. मग एकटाच सगळे थर वाजवायला बघतो! हे त्याने स्वतः सांगितलंय. याला मिसळ-कालवण म्हणायचं? त्याच्या घरचीच भाषा आहे ती.

आणि जॅझ आपल्याला परका होता कधी? १९३०च्या दशकात ताजमध्ये जॅझ वाजत होता. आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट फुंकत होता. त्यांचा 'अलबेला' सिनेमा आला १९५१ला, त्रिलोकचा जन्मही त्याच वर्षीचा.

बरं, अर्जावर 'ड्रम किट' असं लिहिलं होतं, नियम नियम असतात. मान्य. त्रिलोकचं सगळंच मला आवडतं असंही नाही. काही अल्बममध्ये पाहुण्यांची इतकी गर्दी होते की तोच सापडत नाही. तेही मान्य. पण पंधरा वर्षांच्या पोराला चालू तालात थांबवायचं? सम तरी येऊ द्यायची!

'ओरेगॉन' नावाचा अमेरिकन गट होता. त्यातला कॉलिन वॉलकॉट सतार आणि तबला वाजवायचा. १९८४ला दौऱ्यात गाडीचा अपघात झाला, त्यात तो गेला. पुढे त्या जागी त्रिलोक आला. मला हे फार लागतं. एक अमेरिकन माणूस मांडी घालून तबला वाजवत होता, त्याची रिकामी जागा मुंबईच्या ड्रमरने भरली, आणि कुणी विचारलं नाही तुझा गट कुठला. मग गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनबरोबरचं त्रिकूट. १९८९च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटार, बास आणि जमिनीवर बसलेला हा. ते रेकॉर्डिंग ऐका. बोल तोंडाने म्हणतो आणि तेच हातातून काढतो. आपल्या कुठल्याही क्लासात आधी बोल पाठ करून घेतात, मग हात. तेच. अगदी तेच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या परीक्षकांनी ते कधी ऐकलं नसेल, एवढंच. मीही ऐकलं नसतं, आईची बोटं ताटात थांबली नसती तर.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. सीडीवर ओरखडे आहेत, तरी चालते. संध्याकाळी भाच्याला घरी बोलावलं, लावून दिली. शोभाताईंचा आवाज आला तेव्हा त्याने मान वर केली, "मामा, ह्या कोण?" मी सांगितलं. मग बराच वेळ तो गप्प होता.

आता बाथरूममधून नळाचा आवाज येतोय. बादली भरतोय. विचारतोय, सिंबल पूर्ण बुडवायचा की अर्धा. मला माहीत नाही, तूच बघ म्हटलं.